घेवड्याची राखण

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

आज घरामागचा घेवडा उपटून टाकला. पुरा एकर. आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत रानात कुदळ लावायची नाही म्हणून सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, थांबवलं होतं. तोवर होतं नव्हतं तेही माना टाकून बसलं. हे सलग तिसरं वर्ष. रोप वीत-दीड वीत होतं, फुलावर येतं आणि एका दुपारी पानं लोंबायला लागतात. चार दिवसांत वाळून काडी. उपटून पाहिलं तर मूळ भिजल्या सुतळीसारखं तपकिरी, ओढलं की साल हातात येते. दुकानदार देईल ते औषध तीन वर्षं ओतलं, काही उपयोग झाला नाही.

तानाबाई आणि तिच्या बायका उपटत होत्या. ती पंधरा वर्षं आमच्याकडे भांगलायला, म्हणजे तण काढायला, येते. पिकावर तिची नजर आमच्यापेक्षा बारीक. तिनं हाक मारली, "वैनी, हिकडं या की. ही बगा, ही मरंना झाल्यात."

बांधाकडेला पाच रोपं. भोवतीचं सगळं वाळलेलं आणि ही हिरवीगार, शेंगा धरून उभी. एक अलगद काढलं. मूळ पांढरंफेक. मी पाचही रोपं मातीच्या ढेकळासकट पिशवीत भरली.

"माती कशाला ओ?"

"बघायचंय," एवढंच म्हटलं. त्या मुळांवर कोणीतरी राखण करत असणार, असं मनात आलं होतं. पण तसलं काही बोलायची सवय सात वर्षांत मोडलीय.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. वृषभ, माझा नवरा, इचलकरंजीहून लवकर आला होता, तिथं तो सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंग कारखान्यात सुपरवायझर आहे. ताटावरच म्हणाला, "बास झाला आता घेवडा. पुढच्या महिन्यात ऊस लावून मोकळं व्हायचं." 

ही वही दूध संघाच्या लॅबमधली. एम.एस्सी. झाल्यावर तिथं चार वर्षं दुधाचे नमुने तपासले. मग सात वर्षांपूर्वी सासऱ्यांचं आजारपण आलं, नोकरी सुटली. ते गेले, नोकरी काही परत आली नाही. वही कोरीच होती. आज काढली.

२१ सप्टेंबर

काल शांभवीला फोन केला. माझ्या वर्गातली, आता कोल्हापुरात कॉलेजवर शिकवते. मुळांवरच्या जीवाणूंची शंका घाबरत सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माती फेकलीस तर बघ. फ्रिजमध्ये ठेव आणि उद्या माझ्याकडं ये."

आज जाऊन काचेच्या बशा, दोन तऱ्हेची पावडर, स्पिरिटचा दिवा घेऊन आले. लॅबमधल्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या मोठ्या यंत्राचं काम आपला प्रेशर कुकर करतो. जुना पाच लिटरचा वेगळा काढलाय. एक अडचण झाली. बुरशी वाढवायची पावडर बटाट्याची असते. कंदमूळ वर्ज्य, म्हणून या घरात बटाटा कधी उंबऱ्याच्या आत आलेला नाही. डब्यावर कागद चिकटवला आणि वर 'पावडर क्र. २' लिहिलं.

कोठीच्या खोलीत मांडामांड करते आहे. आत्तींनी तिथल्या लोणच्याच्या बरण्या स्वतः उचलून माळ्यावर नेल्या. माझ्या जंतूंशेजारी लोणचं नको असणार.  फळी मात्र रिकामी झाली, माझी सोय झाली.

२६ सप्टेंबर

सगळं वाया. बाराच्या बारा बशांवर काळी-हिरवी बुरशी, कापसासारखी. खोलीत धूळ येते, दुसरं काय होणार? चार वर्षं पगार घेऊन हेच काम केलं आणि आता एक बशी स्वच्छ ठेवता येत नाही.

कुकर लावताना आत्ती दारात उभ्या राहिल्या. "ह्यात किती जीव असत्याल?"

"लाखो."

"आनि शिट्टी झाली की?"

"मरतात."

त्या 'णमो' म्हणत निघून गेल्या. मीही जैनाचीच मुलगी आहे. त्यांनी विचारलं नसतं तरी प्रश्न माझ्याही मनात होताच. मी उत्तर शोधलं नाही, कुकर लावला.

२८ सप्टेंबर

खिडकीला कोणीतरी ओलं फडकं बांधलंय. चांगली युक्ती, धूळ अडते. तानाबाई असेल. दिव्याची वातही कापून सारखी केलेली होती.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मिळाले! आज लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

हिरव्या रोपांच्या मुळांवरून घेतलेल्या मातीतून नऊ वेगवेगळ्या वसाहती वाढल्या. काही फिक्या पिवळ्या. शांभवी म्हणाली होती की यातला एक कामाचा जीवाणू जांभळ्या दिव्याखाली चकाकतो. तसला दिवा आणायचा कुठून? पतसंस्थेत नोटा तपासायला असतो, तो वृषभनं मॅनेजरला मस्का लावून दुपारपुरता मागून आणला. अंधार हवा म्हणून भर दुपारी मी कोठीत डोक्यावर घोंगडं घेऊन बसले. दिवा लावला आणि दोन बशा पेटल्या. पिवळसर हिरव्या, काजव्यासारख्या. चार नंबर आणि सात नंबर.

मी इतक्या जोरात ओरडले की आत्ती पळत आल्या. "काय चावलं?"

"काही नाही. या आत, बघा."

आल्या. दोघी घोंगड्याखाली, गुडघ्याला गुडघा लावून. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं वाढवलंस, आता ह्याला खायाला काय घालतीस?"

"गूळ आणि डाळीचं पाणी."

"मंग बरं हाय," म्हणाल्या. उठताना डब्याकडे बोट केलं, "त्या बटाट्याच्या डब्याचं झाकण सैल हाय. मुंग्या लागत्याल."

 उकळताना बटाट्याचा वास येतो म्हणे.

७ ऑक्टोबर

मेलेल्या मुळातून वाढवलेली बुरशी बशीच्या मधोमध ठेवली, कडेला माझे जीवाणू रेघेनं ओढले. पाच दिवसांत बुरशीनं सगळी बशी खाल्ली, फक्त चार आणि सातच्या रेघांपाशी थांबली. मधे स्वच्छ पट्टा. चारचा पट्टा बोटभर रुंद, सातचा करंगळीएवढा. चार नंबर म्हणजे वाघ आहे.

वृषभला दाखवलं. त्यानं बशी उलटी-सुलटी करून पाहिली. "बशीत लढाई जिंकली. रान काय बशी हाय व्हय?" म्हणाला. राग आला, पण बरोबरच आहे त्याचं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

चार नंबर गेला.

शांभवीनं दोन्ही आपल्या कॉलेजच्या ऊब देणाऱ्या पेटीत बेचाळीस अंशावर ठेवले होते. सात त्या उष्णतेत वाढला नाही. चार जोमानं वाढला. पुढच्या तपासण्यांतही तेच निघालं. या कुळातला जो भाऊ ताप सहन करतो तो माणसाच्या जखमेत शिरतो, फुफ्फुसात शिरतो. झाडाला तारेल आणि भांगलणाऱ्या बाईच्या हाताला मारेल. शांभवी फोनवर स्पष्ट म्हणाली, "आदिती, मोह नको. सगळ्या बशा कुकरमध्ये, आजच."

मला खरंच मोह झाला होता. तो रुंद पट्टा डोळ्यांसमोरून जाईना. हातमोजे घालतीलच की बायका, असंही क्षणभर मनात आलं. ते इथं लिहून ठेवते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

कुकर लावला तेव्हा आत्ती होत्याच. "ही ती चकाकनारी न्हवं? जानूनबुजून मारतीस?"

"व्हय आत्ती. माणसाला बाधलं असतं."

त्या माळ घेऊन देवापुढं जाऊन बसल्या.

१६ ऑक्टोबर

शेजारच्या गावात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला मुनीमहाराज आहेत. आत्ती सकाळी एकट्याच एसटीनं गेल्या. मला चल म्हणाल्या नाहीत. माझंच गाऱ्हाणं असणार. दुपारी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हितनं पुढं उरलंसुरलं चांगलं असंल ते उकळू नको. रानात वत." आत्तींना काही वाया गेलेलं खपत नाही, अगदी जंतूसुद्धा.

संध्याकाळी वृषभनं उसाची रोपं सांगून आल्याचं बोलून दाखवलं. आत्ती भाकरी थापता थापता म्हणाल्या, "रान माज्या नावावर हाय न्हवं? औंदा घेवडाच."

"आई, तीन वर्सं बघतीयास की!"

"चौथं बी बघू."

ऊसतोडीसाठी लोकांच्या मागं लागावं लागतं म्हणून त्यांना उसाचा पहिल्यापासून राग आहे. माझ्या नशिबानं तो आज कामी आला.

२७ ऑक्टोबर, रविवार

पेरणी झाली. परतीच्या पावसानं दहा दिवस खाल्ले, पण वाफसा चांगला आला.

रानाचे आठ पट्टे केले. एक, तीन, पाच, सात हे जीवाणू लावलेल्या बियांचे. दोन, चार, सहा, आठ साध्या बियांचे. इचलकरंजीहून वृषभनं कापडाच्या किनारी आणल्या, त्या खुंट्यांना बांधल्या. हिरवी म्हणजे लावलेलं, पांढरी म्हणजे साधं. तो अजून कुरकुरतोय, "भरवसा हाय तर अर्धं रान मोकळं का सोडतीस?" भरवसा आहे की नाही तेच तर कळायला हवं.

सात नंबर गुळाच्या पाण्यात दोन दिवस वाढवला होता, माशांच्या टाकीच्या पंपानं हवा दिली. तो पाण्यात पातळ करून, भाताची पेज घालून बी चोळलं आणि सावलीत वाळवलं. पहिला डबा एक आणि तीन पट्ट्यांना. दुपारी लाईट गेली, विहिरीची मोटार बंद. मग दुसरा डबा नळाच्या पाण्यानं केला, पाच आणि सातसाठी.

शेजारच्या रानाचे हंबीरराव बांधावर येऊन उभे होते. आवाज असा की पलीकडच्या वस्तीला ऐकू जावा. "सूनबाई, बियाला दही लावलंय व्हय? फोडनी बी घाला की वरनं!"

बायका फिदीफिदी हसल्या. तानाबाई हसली नाही. तिनं पसाभर बी हुंगून बघितलं आणि म्हणाली, "वास तर जिमिनीचाच हाय."

२ नोव्हेंबर

दिवाळी. पहाटे बस्तीत महावीरांना निर्वाण लाडू वाहिला. येताना रानातून आलो. बी उगवलंय, आठही पट्ट्यांत सारखंच.

१४ नोव्हेंबर

सारखंच. हिरव्या किनारीत आणि पांढऱ्या किनारीत काडीचा फरक नाही. मी दिवसातून तीनदा जाते. हंबीरराव विचारतात, "काय, लोनी आलं का वर?"

माझ्यामुळं हंगामाचा ऊस गेला, हे वृषभ बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मर सुरू झाली. पांढऱ्या किनारीच्या दोन नंबरमध्ये पहिली पंधरा-वीस रोपं दुपारी लोंबली. मनातल्या मनात मला आनंद झाला, देवा, आणि लगेच पाच नंबरच्या पट्ट्याकडे नजर गेली. तिथंही लोंबलेली. सातमध्येही.

लावलेल्या पट्ट्यांतही मर. मी तिथंच सरीत बसले. वाटलं, बशीतच ठेवायला हवं होतं सगळं. घरी येऊन कोठीला कुलूप घातलं आणि भाजी निवडायला बसले. आत्तींनी किल्ली विचारली. म्हटलं, "कशाला? झालं ते." त्यांनी हात पुढेच धरला. दिली. गुळाची ढेप आत ठेवायची असेल.

२३ नोव्हेंबर

सकाळी तानाबाई दारात. आत यायला तयार नाही. "वैनी, तुमी नीट बगितलंच न्हाय. पाच आनि सात मराय लागलंय. पर येक आनि तीनमधी येक झाड बी लोंबलेलं न्हाय. मी सरी-सरीनं फिरून आले."

एक आणि तीन. पाच आणि सात. मी ही वही काढली, २७ तारीख वाचली. नळाचं पाणी!

पावसाळा संपता संपता ग्रामपंचायत टाकीत जंतुनाशक पावडर टाकते, इतकी की चहाला वास येतो. माणसाला वाचवायला टाकलेली ती पावडर माझ्या सात नंबरला मारून गेली. पाच आणि सात पट्ट्यांना मी मेलेले जीवाणू चोळले होते. लॅबमधल्या पहिल्या महिन्यात शिकवतात ही गोष्ट. आणि मी ती माझ्या हातानं केली, लिहूनही ठेवली आणि महिनाभर दिसली नाही.

खात्री करायला दोन पेल्यांत सात नंबर कालवला, एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. दोन्ही बशांवर पसरले. मूळ वाण बरणीत जिवंत होता. कुलूप लावताना गडबडीत हवेचा पंप बंद केला होता असं वाटत होतं, पण चालूच होता.

२५ नोव्हेंबर

विहिरीची बशी भरून गेलीय. नळाची कोरी.

माझी चूकच साक्षीला उभी राहिली. जिवंत लावला तिथं रोप उभं, मेलेला लावला तिथं साध्या बियासारखंच मेलं. शांभवीला सांगितलं तर ती म्हणाली, "वेडे, असा प्रयोग ठरवून केला असतास तरी इतका चांगला झाला नसता." मी फोन ठेवून कोठीत एकटीच नाचले. वय चौतीस.

नवा डबा, विहिरीचं पाणी. सात नंबरच्या पट्ट्यात जी रोपं उभी आहेत त्यांच्या बुडाशी ओतलं. पाचला हात लावला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

अवेळी पाऊस, तीन दिवस. रानात पाय घोट्यापर्यंत जातो. दोन, चार, सहा, आठ आणि पाच जवळजवळ संपले. सातमध्ये जे उभं होतं त्यातलं बहुतेक टिकलं. एक आणि तीन असे आहेत की पाऊस झालाच नाही. फुलांनी पांढरे झालेत.

दुपारी हंबीरराव आले. बांधावरून नाही, दारातून, चपला काढून. आवाज खाली.

"सूनबाई, माजं बी लोंबालंय. औषध लावलेलं बी होतं, महागातलं. त्ये तुमचं दही हाय का उरलेलं?"

"मेलेलं उठणार नाही काका. उभं आहे ते राखता येतंय का बघू. पण एक अट. चार सऱ्यांना काही घालायचं नाही."

"आँ? जितंजागतं मरू देऊ व्हय?" आवाज परत वर.

"नाहीतर पाऊस थांबला म्हणून वाचलं म्हणाल तुम्ही."

 ते आत्तींकडं वळले, "वैनी, ही सून हाय का वकील?"

आत्ती तांदूळ निवडत होत्या. "तिचं ऐका," म्हणाल्या, "तिला हिशेब कळतोय त्यातला."

१५ डिसेंबर, रविवार

पहिली तोडणी!

तानाबाईच्या आठ बायका सकाळपासून. पट्ट्यापट्ट्याचा माल वेगळा ठेवला, वृषभनं काटा धरला, मी लिहिलं. एक नंबर: बासष्ट किलो. तीन नंबर: एकोणसाठ. सात: चौतीस. पाच: अकरा. साधे चारही पट्टे मिळून: एकोणचाळीस.

वृषभनं एक नंबरचा आकडा दोनदा वाचला. काटा बिघडलाय का म्हणून स्वतः काट्यावर उभा राहिला. मग एक शेंग मोडली. कट्टकन आवाज आला. तानाबाईला म्हणाला, "ऐकलासा का?" जशी काही शेंग त्यानंच केली होती.

संध्याकाळी तो कोठीत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बशा पाहिल्या, पंप पाहिला, बरणीवरची सातची चिठ्ठी पाहिली. म्हणाला, "इथं एक नीट ओटा लागंल. फरशी मी आनतो." मला एवढंच पुरलं.

२८ डिसेंबर

सकाळी सातला हाळी, "वृषभ! ए वृषभ! सूनबाई!" हंबीरराव दोन्ही हातांत एकेक झाड धरून पळत येत होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

"चार सऱ्या गेल्या. झाडून गेल्या! बाकी समदं रान उभं हाय. खोटं वाटत असंल तर चला, आत्ता चला!"

गेलो. चार सऱ्या काड्या झालेल्या, आणि त्यांना लागून हिरवं रान. मधोमध सुरीनं कापल्यासारखी रेघ. तिथं उभं राहून त्यांनी आपल्या पाहुण्यांना, सोयऱ्यांना, सोसायटीच्या चेअरमनला फोन लावले. प्रत्येकाला सांगत होते, "मी पयल्यापासनं म्हनत हुतो, ह्या पोरीत काय तर हाय!"

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज गावाच्या हॉलमध्ये सभा झाली. हंबीररावांनी बोलावली. पाच गावांचे मिळून सत्तर-ऐंशी लोक. शांभवी कोल्हापुरातून मुद्दाम आली. तिच्या कॉलेजात सात नंबरची पूर्ण ओळख पटली आहे: माणसाला, जनावराला निरुपद्रवी, मुळाभोवती राहणारा. विकायचं झालं तर सरकारी नोंदणी लागेल, ते काम ती करते आहे. तोवर फक्त आपापल्या रानात करून बघायचं, असं तिनं बजावून सांगितलं.

मी बोलले. पहिली पाच मिनिटं कागदावरून वाचलं. मग नळाच्या पाण्याची गोष्ट सांगितली, माझीच फजिती, आणि लोक हसले. त्यानंतर सोपं गेलं.

प्रश्न सुरू झाले. बियाला किती, पाणी कुठलं. मग पुढच्या रांगेतले चौगुले आप्पा उठले. आमच्यातले सगळ्यांत वयस्कर, रोज बस्तीत अभिषेकाला असतात. "पोरी, तू शिकलेली हाईस. पर एवढं जीव वाढवायचं, मारायचं, मातीत सोडायचं. पाप न्हाय व्हय हे?"

मी वहीची पानं उलटायला लागले.  

मागच्या बायकांच्या रांगेतून आत्ती उठल्या. भर सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या आत्ती.

"आप्पा, तीन वर्सं आमी रानात औषध वतलं. वाफ्यात गांडूळ दिसंना झालं. तवा मला कुनी इचारलं न्हाय, पाप हाय का म्हनून. तुमी बी न्हाय. चातुर्मासात मी महाराजांना इचारून आले. त्येनी मला इचारलं, राखायला करतीया का मारायला? मी म्हनलं, राखायला. म्हनले, मंग जेवढं टाळता येईल तेवढं टाळा, आनि केलेलं लपवू नका. तवापास्नं आमच्या घरात उरलेलं उकळत न्हाईत, रानात घालत्यात. जे मारावं लागतंय त्याचं प्रायश्चित्त मी घेते, म्हैन्याला दोन उपास. सून माजी हाय. हाताला यश तिच्या हाय, पाप काय असंल तर आर्धं माज्या नावावर घाला."

आणि बसल्या. पदर सारखा केला.

 आप्पा उभ्याउभ्याच म्हणाले, "माजं बी अर्धा एकर घे लिवून."

त्यानंतर गर्दी झाली नुसती. एकेचाळीस नावं झाली. वृषभ लिहून लिहून दमला.

आत्ती हे सगळं कधी ठरवून बसल्या होत्या, मला आजही कळलेलं नाही. घरी येताना विचारलं. म्हणाल्या, "आदी घरी चल, दिवस मावळाय आला. जेवायचं राहील." मी रस्त्यात त्यांच्या पाया पडले. "खुळी का काय!" म्हणाल्या, आणि माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

महिनाभर वही उघडायला वेळ झाला नाही. ओटा झाला. तीन पंप चालतात. एकेचाळीसपैकी छत्तीस जणांनी पेरलं. दोघांनी नळाचं पाणी वापरलं आणि येऊन कबूल केलं, बाकी सगळीकडं रान उभं आहे. वृषभ सायझिंगमधल्या लोकांना घेवड्यावर व्याख्यानं देतो.

आज दुपारी तानाबाई बोलवायला आली. तिला नवऱ्याकडून ओढ्यापलीकडं दहा गुंठे आलेत. तिथं ती आजवर फक्त ज्वारी टाकायची. घेवडा गेला तर दुसरं काही नाही, म्हणून धाडस नव्हतं. गेल्या महिन्यात तिनं माझ्याकडून वाटीभर सात नंबर नेला होता. त्यापुढचं सगळं तिचं तिनं केलं, गूळ, डाळीचं पाणी, पेज. मला विचारायलाही आली नाही.

आत्तीही आल्या, ओढा ओलांडून, हातात चपला घेऊन.

दहा गुंठे फुलावर आले होते. पांढरी फुलं, वर मधमाश्या, कुठंही रिकामी जागा नाही. मी सरी-सरीनं फिरले, अगदी टोकापर्यंत, एखादं तरी लोंबलेलं असेल म्हणून. तानाबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभी होती आणि माझ्याकडं बघत होती.

"घावलं का?"

"नाही."

"मंग वैनी, तुमच्या त्या वहीत लिवा. तानाबाईच्या रानात येक बी झाड गेलं न्हाय."

लिहिलं.